वहिनीचा कच्चा आवाज

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत एकदा जाऊन या, मग मला घाणीच्या गोष्टी सांगा. रक्त, पू, ओकारी, सगळं एकाच ट्रॉलीतून तळघरात उतरतं आणि तिथे वाफेत शिजतं. कंत्राटदार बायकांना हातमोजे देत नव्हता, म्हणून सह्या गोळा करायला मी तिथे गेलो आणि पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावला. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरपाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "रुमाल काढा साहेब. घाण झाला तर तोही आम्हीच धुवायचा."

ती वहिनी. लॉन्ड्रीतल्या तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा तिला वहिनीच म्हणतात, कारण तिचा बँड तिला तसं म्हणतो. हो, बँड. नवरा ड्रम वाजवतो, धाकटा दीर गिटार, ती स्वतः बेस गिटार, आणि पुढे माइक धरून हिरो. हिरो हे टोपणनाव त्याला कुणी दिलं नव्हतं. त्यानेच घेतलं होतं.

नवऱ्याचं टायरचं दुकान आहे, त्याच्यामागच्या खोलीत यांचा सराव चालायचा. वाजवायचे प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे गाणं सुरू झालं की चहा पिऊन यावं तरी संपलेलं नसतं, मध्येच चाल पालटते, आणि ताल असा अकरा मात्रांचा की टाळ्या वाजवणाऱ्याचे हात हवेतच राहतात. मला त्यातलं काही कळत नसे. पण शब्द वहिनीचे होते, ते कळत.

रेकॉर्डिंगची यांची एक रीत होती. आधी वहिनीने आपल्या खरखरीत गळ्याने सगळं गाणं गाऊन ठेवायचं. त्याला ते कच्चा आवाज म्हणत. त्याच्या आधाराने बाकीचे वाजवत, मग वहिनी शेजारी उभी राहून हिरोला एकेक ओळ शिकवी, हिरो गाई, आणि कच्चा आवाज पुसून टाकत. इमारत उभी राहिली की परांची काढतात, तसं. वहिनीला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

मग त्याच कंत्राटदाराला जाहिरातीचं गाणं हवं झालं. "आमचे हात, तुमचं आरोग्य." ते गायलं कुणी? हिरोने. वहिनीच्या हातांची सालं निघत होती आणि हा पांढरा सदरा घालून हातांची गाणी गात होता! तिने तोंडावर विचारलं तर म्हणाला, "वहिनी, मी गळा भाड्याने दिलाय, मन नाही." चार दिवसांनी त्याने बँड सोडला. कारण काय जाहीर केलं? वैचारिक मतभेद. विचार असायला लागतो त्याला, डोंबलाचे मतभेद! लोक म्हणाले, गळाच गेला, आता धडाला काय विचारायचं.

वहिनीने ठरवलं, अल्बम करायचा. हिरोशिवाय. दुसरा गायक मिळेल, नाही मिळाला तर बघू. त्यात एक मोठं गाणं लॉन्ड्रीचं होतं, आणि त्याचा ताल रोलरचा. ओल्या चादरीची दोन टोकं दोन बायका धरतात आणि दोघींनी एकाच क्षणी ती तापलेल्या रोलरला लावायची असते. एकीने उशीर केला की चादर तिरकी जाते, गुंडाळते, करपते. म्हणून एक जण ओरडते, "उचल!"

मशीनवाल्याच्या, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या खोलीत ड्रम एका फळीआड ठेवावे लागले. नवऱ्याला वहिनी दिसेना. मग जिथे चाल पालटते तिथे ती कच्च्या आवाजात सरळ ओरडली, "उचल!" आणि फळीआडून नवऱ्याने बरोबर ठोका दिला. ती खूण होती, गाण्याचा शब्द नव्हे. शेवटी पुसायचीच होती.

दुसरा गायक काही मिळेना. ताल ऐकूनच पळत. आणि एके दिवशी वहिनी कामावर असताना दिराने काय करावं? हिरोला बोलावलं. आधी कच्चा आवाज त्याच्या फोनवर पाठवला, म्हणाला, घरी ऐकून ये. हिरो आला, गायला, आणि जाहिरातवाल्यांची गाडी खाली थांबली होती तिच्यात बसून गेला.

वहिनीला अल्बम ऐकायला बोलावलं तेव्हा मीही गेलो होतो. खोलीत सिगारेटचा आणि जुन्या गालिचाचा वास. आधी हिरोचा आवाज आला. वहिनीचा चेहरा दगड झाला. मग ती पुढे वाकली. त्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. तिचाच. बारीक करून, खाली पुरलेला.

"भावजी, हा माझा आवाज इथे काय करतोय?"

"अगं वहिनी, त्याला ताल सापडत नव्हता," दीर म्हणाला. "तुझ्या आवाजाचा जरा टेकू दिलाय. कुणाला कळतंय?"

तेवढ्यात गाणं पालटायची जागा आली. आणि हिरो गायला. डोळे मिटून, गळा कापवत, जशी प्रेयसी निघून चाललीय:

"उऽऽचऽऽल..."

मला हसू फुटलं. नवरा खाली बघत होता. तो ओळखून होता. हिरो गात होता तेव्हा तिथे होता, ऐकत होता, आणि गप्प बसला होता!

"हे त्याने गायलं?" वहिनीने विचारलं.

"भावपूर्ण वाटतंय ना?" दीर म्हणाला.

मला किळस आली. रक्ताच्या चादरींची आली नव्हती एवढी आली. तिचा घाम त्याने चाटूनपुसून घेतला होता, आणि कशाची चव आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

वहिनीने ते गाणं फोनवर घेतलं आणि सकाळी लॉन्ड्रीत लावलं. रोलरवर बायका चादर धरून उभ्या. हिरो मेणासारखा वितळत म्हणाला, "उऽऽचऽऽल..." आणि सवयीने दोघींचे हात वर गेले. एकीचे, शब्द सुरू होताना; दुसरीचे, तो संपताना. चादर तिरकी आत गेली आणि गुंडाळली.

"मेल्याने चादर खाल्ली गं!" मोठी बाई ओरडली. "कोण आहे हा? याला आयुष्यात कुणी काही उचलायला लावलंय की नाही?"

तळघर हसलं. वहिनीही हसली, पण डोळे हसत नव्हते. संध्याकाळी ती तशीच, वाफेने भिजलेल्या कपड्यांत, मशीनवाल्याकडे गेली. दीर आणि नवरा तिथेच होते.

"तो गाणार असेल तर गाऊ दे. खालून माझा आवाज काढा."

मशीनवाल्याने बटण दाबलं. आणि हिरो उघडा पडला. आवाज गोड, पण मात्रा एकीकडे, तो दुसरीकडे. दोरीवरून सुटलेला सदरा वाऱ्यावर उडावा तसा.

"वहिनी, लोकांना तोच हवाय," दीर चिडून म्हणाला. "बाईचा असला घसा विकत कोण घेणार? जरा घराचा विचार कर."

"घर?" तिने त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तुम्ही म्हणायचं सोडलं. "घरातल्याच माणसाचा आवाज पुरलास, आणि मला घर शिकवतोस?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही सांगा. तुम्ही कुणाच्या आवाजावर वाजवलंत?"

नवऱ्याने काठ्या पिशवीत घातल्या, परत बाहेर काढल्या. शेवटी जमिनीकडे बघत मशीनवाल्याला म्हणाला, "तिच्या. त्याला काढ."

मी त्याला शाबासकी देणार नाही. जे पहिल्या दिवशी म्हणायचं ते तिसऱ्या दिवशी म्हटलं, त्यात शौर्य कसलं? पण काढलं, हे खरं.

अल्बम निघाला. कच्चा आवाज, जसाच्या तसा. खरखर, खोकला, आणि जागोजागी "उचल!" थोडक्या लोकांनी ऐकला. एकाने लिहिलं, गाडी घाटात बंद पडल्यासारखा गळा आहे. दीर वेगळा निघाला, लग्नाकार्यात वाजवतो, आणि वहिनीने बँड बुडवला असं सांगत फिरतो. हिरोने कुठेशी मुलाखत दिली, "मीच त्यांना म्हटलं, आता वहिनींना संधी द्या." ऐकून मी थुंकलो. रस्त्यावर नाही, बेसिनमध्ये.

कंत्राटदाराने लॉन्ड्रीत स्पीकर बसवलाय. दिवसभर हिरो गातो, आमचे हात, तुमचं आरोग्य. हातमोजे अजून आलेले नाहीत. परवा सह्यांचा कागद घेऊन गेलो तर वहिनी रोलरवर होती, आणि वरून तो गातच होता. एक नवी मुलगी समोर टोक धरून उभी होती, गाण्यात रमलेली.

"त्याच्याकडे नको बघू," वहिनी म्हणाली. "माझ्याकडे बघ." आणि ओरडली.

चादर सरळ गेली.