पिठ्ठूच्या सहा चकरा

रिक्रूट समाधान सपकाळे याचा मृत्यू ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये झाला. वय एकोणीस. ट्रेनिंगचा अकरावा आठवडा चालू होता. सकाळी दहा पन्नासला तो ग्राउंडवर पडला. त्या वेळी त्याच्या पाठीवर वीस किलो वाळू होती. त्याच्या चकरा मी मोजत होतो.

मी त्याचा प्लाटून हवालदार. मूळचा जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल तालुक्यातला, नोकरी बावीस वर्षं, त्यातली शेवटची तीन या ट्रेनिंग सेंटरमध्ये. रिक्रूट आम्हाला उस्ताद म्हणत. सेंटर दुसऱ्या राज्यात आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

समाधान त्याच जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला. घरी वडील, आई, बहीण. वडील केळीच्या बागेत कामाला. प्लाटूनमध्ये खान्देशचे आम्ही दोघंच, म्हणून इतरांसमोर हिंदी आणि एकटे असलो की अहिराणी. जूनमध्ये पहिल्या आठवड्यात तीन रिक्रूट उन्हाने आडवे झाले, तेव्हा तो बूट घासत बसला होता. म्हणाला, "हाई ऊन नही, उस्ताद. आमनाकडे याले चांदनं म्हनतस." मी हसलो. पुढे ते वाक्य मीच मेसमध्ये दोन-तीनदा सांगितलं. जळगावच्या माणसाला ऊन लागत नाही, ही आमची बढाई. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत बाजार करणारी माणसं आम्ही. सेंटरमध्येही ही बढाई सगळ्यांना पाठ झाली होती.

दिवस ठरलेला असे. ०४३० उठणं, ०५३० पीटी, ०८०० ड्रिल, १००० वेपन ट्रेनिंग. प्रत्येक फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहताना, पाण्याच्या बाटलीची तपासणी. बाटली तोंडापर्यंत भरलेली हवी. उस्ताद ती कानाशी धरून हलवतो. आवाज आला तर रिक्रूट चुकला. कारण खरं आहे: गस्तीवर अर्धी बाटली डुचमळते आणि शत्रूला ऐकू येते. परवानगीशिवाय पाणी प्यायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग.

त्या मंगळवारी पहाटे पाऊस पडून गेला होता. दहा वाजता ऊन आलं. तापमान तेहतीस, वारा नाही, जमिनीतून वाफ. कंपनीचे सुबेदार साहेब तपासणीला आले. समाधानची बाटली वाजली. ड्रिल संपवून येताना तो दोन घोट प्यायला होता. त्याने तसं सांगितलं.

सुबेदार साहेब मला म्हणाले, "पिठ्ठू. दस चक्कर."

पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी. शिक्षेत तिच्यात वाळू भरतात, रायफल डोक्यावर धरायला लावतात आणि ग्राउंडभोवती पळवतात. एक चक्कर चारशे मीटर. मी स्वतः रिक्रूट असताना पिठ्ठू केला होता. माझ्या उस्तादांनीही केला असणार. १०२०ला सुरुवात झाली. प्रत्येक चक्कर पूर्ण झाली की मी मोठ्याने आकडा म्हणायचो.

चौथ्या चकरेनंतर कंपनीचे कॅप्टन साहेब जीपमधून जाताना थांबले. त्यांनी विचारलं, "हवालदार, लडका ठीक है?"

मी म्हणालो, "साब, जळगाव का है. पैंतालीस डिग्री में पला है."

जीप गेली.

सहावी चक्कर संपली तेव्हा तो चालत होता. मी विचारलं, "कसं शे?"

"बराबर शे, उस्ताद."

त्याची वर्दी पूर्ण भिजली होती. जळगावच्या उन्हात घाम वाळतो. इथे तो वाळत नव्हता, म्हणून अंग थंड होत नव्हतं. हा फरक मला नंतर डॉक्टरांनी समजावला. सातव्या चकरेत, गोल पोस्टच्या मागे, तो पडला. मी पोहोचलो तेव्हा अंग तापलेलं होतं. तो मला ओळखत नव्हता. मी पिठ्ठूचे पट्टे कापले, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि वॉकीवर एमआय रूम, म्हणजे सेंटरचा दवाखाना, मागितला.

"एमआय रूम, ग्राउंड. हीट केस एक. गाडी भेजो. ओव्हर."

"ग्राउंड, अ‍ॅम्ब्युलन्स फायरिंग रेंज पर ड्यूटी में है. रुको. ओव्हर."

"रुक नहीं सकते. ओव्हर."

"अपनी गाडी में लाओ. आउट."

गोळीबार चालू असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स आणि नर्सिंग असिस्टंट रेंजवर हजर हवेतच, असा लेखी नियम आहे. आम्ही त्याला रेशनच्या ट्रकमध्ये घालून थेट मिलिटरी हॉस्पिटलकडे निघालो. हॉस्पिटल गाठायला पस्तीस मिनिटं लागली. शरीराचं तापमान तिथे प्रथम मोजलं गेलं. ते एकशे आठ फॅरनहाइटच्या वर होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीचा, आदेश निघाला. जबाबाआधी सुबेदार साहेबांनी मला बोलावलं. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, "एक्स्ट्रा पीटी बोलना. पिठ्ठू किताब में है क्या?" नव्हता. आर्मी अ‍ॅक्टमध्ये शिक्षांची यादी आहे. तिच्यात पिठ्ठू नाही. मी जबाबात एक्स्ट्रा पीटी सांगितलं, सही केली. घरच्यांना पत्र गेलं: प्रशिक्षणादरम्यान प्रकृती बिघडून मृत्यू.

इन्क्वायरी संपेपर्यंत मला प्लाटूनवरून काढून सेंटरच्या लायब्ररीत अटॅच केलं. काम पुस्तकं झटकण्याचं. तिथे इंग्रजांच्या काळातली पुस्तकं होती. इंग्रजी फौजेत फटक्यांची शिक्षा कशी देत, ते मी तिथे वाचलं. सार्जंटांचे भाले उभे करून केलेल्या तिकाटण्याला शिपायाला बांधत. नऊ दोऱ्यांचा चाबूक ड्रमर चालवत. ड्रम मेजर प्रत्येक फटका मोठ्याने मोजे. पलटण चौकोनात उभी राहून बघे. आणि शेजारी फौजेचा सर्जन उभा असे. त्याने हात वर केला की शिक्षा थांबवावी लागे. हा लेखी नियम होता.

१८४६ साली लंडनजवळच्या एका छावणीत एका शिपायाला दीडशे फटके मारले. काही आठवड्यांनी तो मेला. फौजेच्या डॉक्टरांनी आजाराने मेला असं लिहिलं. गावच्या पाद्र्याने तसं पुरायला नकार दिला. कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, साध्या लोकांची ज्युरी बसली आणि तिने मृत्यूचं कारण फटके असं नोंदवलं. त्यानंतर फटक्यांची मर्यादा पन्नासवर आली. १८८१मध्ये इंग्रज शिपायासाठी ती शिक्षा कायद्याने गेली. हिंदुस्थानी शिपायासाठी ती आणखी काही दशकं राहिली. पॅक पाठीवर घालून उन्हात ड्रिल करायला लावणं मात्र त्यानंतरही चालू होतं.

ते पान मी दोनदा वाचलं. फटके किताबात होते, म्हणून शेजारी डॉक्टर होता. पिठ्ठू किताबात नव्हता. ग्राउंडवर मी होतो.

इन्क्वायरीच्या सातव्या दिवशी मी तिच्या प्रमुखासमोर, प्रिसाइडिंग ऑफिसरसमोर, पुन्हा जबाब देण्याची परवानगी मागितली. सुबेदार साहेबांनी त्यांच्या जबाबात पाच चकरा सांगितल्या होत्या, हलक्या पीटीच्या. मी सांगितलं: पिठ्ठू, वीस किलो वाळू, दहा चकरांचा हुकूम, सहा पूर्ण. कॅप्टन साहेबांना मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं. ऑफिसरने टाइपिस्टला थांबवून विचारलं, "ये लिखना है?" मी हो म्हणालो.

मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद, मिळाली, प्रमोशन गेलं. सुबेदार साहेब त्यांच्या तारखेला रिटायर झाले. सेंटरमध्ये लेखी आदेश लागला: पिठ्ठू बंद.

सुट्टी मिळाल्यावर मी चोपड्याला गेलो. समाधानचे वडील बागेतून आले, हात धुतले, समोर बसले. पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. बिमारी कोणती ते पत्रात नव्हतं, आणि गावात लोक विचारत होते. कोणी म्हणे घरूनच दुखणं घेऊन गेला. त्याच्या आईनेही तेच धरलं होतं: जाताना त्याला खोकला होता, आपण थांबवायला हवं होतं.

त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही तठे व्हतात ना? मना पोऱ्या बिमार व्हता का?"

"नही, आबा. तो बिमार नव्हता."

मग मी सगळं सांगितलं. बाटलीपासून. जळगाव का है, तेही. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. आबांनी मध्ये एकदाच विचारलं, दोन घोटच ना? मी म्हणालो, दोनच.  शेवटी ते म्हणाले, "त्यानी मायले आत जाईसन सांगा. तो खोकलामुये नही गया, म्हनीसन."

मी आत जाऊन सांगितलं. समाधानच्या आई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. मी निघालो तेव्हा आबा दारापर्यंत आले नाहीत.

आता मी जळगावात मेहरूणला राहतो. रिटायर होऊन आठ वर्षं झाली. सेंटरच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. ट्रेनिंगमध्ये मेलेल्यांची नाहीत. समाधानच्या गावात शाळेच्या भिंतीवर फौजेत गेलेल्यांची नावं रंगवली आहेत. अकरावं नाव त्याचं आहे. पुढे रिक्रूट, वय १९. त्याच्या घरी दुसरं पत्रही आलं. त्यात मृत्यूचं कारण उष्माघात आहे. पिठ्ठू हा शब्द त्या पत्रात नाही. तो माझ्या दुसऱ्या जबाबात आहे, आणि त्याच्यापुढे आकडा सहा आहे. सातवा मी म्हटला नव्हता.