ज्युली कुणाची

आमच्या घरात ताटली जरी पडली तरी ज्युली थेट कणगीत शिरायची. भाताची ती रिकामी कणगी माझ्या लेकीने, इशीने, पडवीत आडवी करून आत पोतं अंथरलेलं. कुत्री आत शिरली की मागोमाग पोरगी. मग दोघींचे नुसते पाय दिसायचे, आणि मी बाहेर उभा राहून हाका मारायचो. कोण लक्ष देतंय!

ज्युली लष्करातली. पुरलेली स्फोटकं हुंगून काढायचं काम तिचं, आणि तिला सांभाळायचं माझं. सीमेवर एकदा आमच्याजवळच तोफेचा गोळा पडला. अंगावर ओरखडा नाही, पण त्या दिवसापासून ती कामातून गेली. आवाज झाला की थरथरायची, जागेवरच मुतायची. मी निवृत्त झालो तेव्हा तिलाही मागून घेतली आणि माझ्या गावी, गुंजवण्याला घेऊन आलो. बर्फात एका ब्लँकेटखाली झोपलोय आम्ही. आणि इथं आल्यावर आठवड्याभरात बाईसाहेब माझ्या पोरीच्या झाल्या!

इशी तेव्हा दुसरीत. ज्युलीच्या वतीने तीच बोलायची. "ज्युली म्हनती, आज भाकरी नको, दूधभात." "ज्युली म्हनती, पप्पांच्या मिशीला तंबाखूचा वास येतो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मला कशी कदी काय म्हनली न्हाई ती?" मी बायकोजवळ कुरकुरायचो.

"अवो, पोटच्या पोरीवर काय जळताय?" ती हसायची. जळत होतोच मी.

भात पिकलं की आमच्याकडे रानडुकरं उतरतात. त्यांना हाकलायला सगळा गाव बांधावर सुतळी बॉम्ब लावतो. मला वाटलं, ज्युलीची भीती मोडायची तर तिला आवाजातच उभी केली पाहिजे. पट्टा बांधून नेली शेतात. पहिलाच बार उडाला तसा तिने पट्टा तोडला आणि अडवायला आलेल्या शेजारच्या तात्यांची पोटरी धरली. सकाळी तात्या लंगडत दारात.

"फौजी, कुत्री लांब कुठंतरी सोडून या. न्हाईतर आमी बगतो तिच्याकडं."

मी तोंड उघडायच्या आत इशी पुढं. "तात्या, तिला गोळा पडल्यावानी वाटलं वो. तुमी बार लावायच्या आदी मला हाळी द्या. मी तिला कणगीत नेती."

तात्या पोरीच्या डोक्यावर टपली मारून लंगडत माघारी गेले. कुत्री वाचली, आणि त्या हंगामापासून आमच्या शिवारात बार लावायच्या आधी हाळी येऊ लागली, "इशे, लावतो गं!" फौजी मी, आणि हाळी पोरीला!

गेल्या उन्हाळ्यात ज्युलीने अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता त्रास देऊ नका. इशी तिचं डोकं मांडीवर घेऊन पडवीत बसलेली. म्हटलं, शेवटी तरी घटकाभर माझी होऊ दे. मी जवळ गेलो, तशी ज्युली उभी राहायला धडपडू लागली. पाय साथ देईनात, तरी मान ताठ. "बैठ" म्हटलं. बसली, पण कान टवकारलेले, नजर माझ्या तोंडावर. मागं सरलो, परत जवळ गेलो. परत तेच.

इशी हळूच म्हणाली, "पप्पा, तुमाला बगितलं की तिला ड्युटी लागल्यावानी वाटतं. तुमी जरा भाईर जावा ना."

असा राग आला पोरीचा! पण खरंच होतं ते. मी अंगणात, तिला दिसणार नाही असा भिंतीआड जाऊन बसलो. आत इशी तिच्याशी काहीबाही बोलत होती. बऱ्याच वेळाने बोलणं थांबलं. तरी मी हललो नाही.

इशीने हाक मारली तेव्हा आत गेलो. मांडीवरच्या ज्युलीचा श्वास थांबलेला. या वेळी मी जवळ गेलो तरी ती उठली नाही.