पांढरीवर शिकलेला हात

सीना नदीला पूर आला तेव्हा सोजरबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. तीन दिवस सगळं गाव शाळेत राहिलं. पाणी उतरल्यावर माणसं घरी परतली, तर घराघरांत गुडघाभर गाळ आणि त्यात कोसळलेल्या भिंती.

श्रीमंत नावाचा शेजारी जेसीबी सांगून आला. त्याची बायको रेश्मा उंबऱ्यावर नुसती बसून होती. तिचं शिलाई मशीन मधल्या खोलीत गाडलं गेलं होतं. घर चालायचं ते त्या मशीनवर.

"जेसीबी घालू नगा," सोजरबाई म्हणाल्या. "दात लागला तर तुकडं व्हत्याल. मी काढते."

हे त्या पूर्वी शिकल्या होत्या. गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडावर उत्खनन चाललं, तेव्हा तीन हंगाम त्या तिथं रोजानं जायच्या. माती भिजवायची, खुरपं आडवं धरून बोटभर थर काढायचा, शेवटी ब्रश. दोन हजार वर्षांपूर्वीचा रांजण त्यांनी न तडकू देता मोकळा केला होता.

आता गुडघे वाकत नव्हते. त्या गाळातच फतकल मारून बसल्या. दुसऱ्या दिवशी रेश्मा पाण्याची बादली घेऊन जवळ आली.

"एवढं करून काय हुणार, मावशी? पाणी परत येईलच की."

"यील." सोजरबाईंनी मान वर केली नाही. "तितं पांढरीवर खड्ड्यात खोदकामाच्या सायबांनी दावलं व्हतं. खाली राख, वर हातभर पिवळा गाळ, अन् गाळावर परत चूल. म्हणले, पूर आलता, पर माणसं फिरून आली."

"किती वर्सांनी?"

"त्ये त्यास्नीबी सांगता आलं न्हाय."

रेश्मानं बादली खाली ठेवली. मग पदर खोचून तिनं दुसरं खुरपं उचललं.

संध्याकाळी मशीन निघालं. चाक गंजलं होतं, पण अखंड होतं. माढ्याच्या मिस्त्रीनं ते दुरुस्त केलं, आणि दिवाळीआधी रेश्मानं पहिलं झबलं शिवलं.

त्यानंतर सोजरबाईंना घरोघरी बोलावणं येऊ लागलं. कुणाची कागदपत्रांची पेटी, कुणाच्या सासूचा फोटो. अकरा घरं झाली. बोटं सुजून भाकरी थापता येईना, तेव्हा रेश्माच दोन भाकरी आणून द्यायची. सोजरबाईंच्या स्वतःच्या घरातला गाळ मात्र कोपऱ्यात वाळून दगड झाला होता.

बाराव्या घरचा सिद्धाप्पा बोलवायला आला, त्या दिवशी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"उद्या येते, बाबा," त्या म्हणाल्या. "आज न्हाय व्हायचं."

त्यानं आत कोपऱ्यातला गाळ पाहिला, चपला काढल्या आणि फावडं मागितलं.