राखाडी शालीतला माणूस

किस्सा घडत असतो तेव्हा तो किस्सा नसतो, नुसता वैताग असतो. काही वर्षांनी कुणीतरी चहाच्या वेळी तो हसत सांगतो, दुसरा त्यात आपलं जोडतो, तिसरा म्हणतो "असं नव्हतंच मुळी", आणि बघता बघता ढीग होतो. आमचा सगळा ढीग एकाच सिनेमाचा आहे. घरोघरी केबल नुकतं लागत होतं त्या वर्षांत, उज्जैनच्या आमच्या मराठी नाट्यमंडळातल्या लोकांनी तो व्हिडिओवर काढला.

दिग्दर्शक नलिनी, माझी बायको. गेल्या वर्षी ती गेली. मंडळातले लोक भेटायला नानाखेड्याला घरी आले, तेव्हा पहिली दहा मिनिटं सगळे फरशीकडे बघत बसले होते. मग विनायक दिघे हळूच मला म्हणाला, "सर, जोगळेकरचा गळा आठवतो का?"

पुढचे दोन तास कुणी गप्प बसलं नाही.

०

मंडळाचे अध्यक्ष अप्पा. त्यांचे पूर्वज दरबारच्या दप्तरात कारकून म्हणून माळव्यात आले, आणि अप्पा अजूनही दरबारातच बसल्यासारखे बसायचे. बँकेतून सुटल्यावर नलिनीनं त्यांना कथा सांगितली. शहरात पाच खून होतात. एक इन्स्पेक्टर वर्षभर खुन्याला शोधतो. खुनी कोण ते कळत नाही.

अप्पा वाट बघत राहिले. "मग?"

"मग काही नाही. संपला सिनेमा."

"नलिनीबाई, आपल्या मंडळाच्या नाटकात आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही!"

त्यांनी तिथेच निकाल दिला. खुनी सापडला तर मंडळाचं नाव आणि हॉल मिळेल. नाही सापडला तर दोन्ही नाही, आणि पुढे तिनं दिग्दर्शनाचा विषयही काढायचा नाही.

स्क्रिप्ट माझी होती. खुनी कोण ते मलाच माहीत नव्हतं, कारण ते ठरवायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं. घरी येताना मी म्हटलं, दुसरा एक शेवट लिहून ठेवतो, लागला तर.

"तुम्ही लिहा. मी शूट नाही करणार," ती म्हणाली. "खुनी सापडला की लोक उठून जेवायला जातात. नाही सापडला की एकमेकांकडे बघतात. मला ते बघायचंय."

०

खुन्याचं तोंड दिसणार नव्हतं. नुसती पाठ आणि अंगावर राखाडी शाल. त्यामुळे हा रोल कुणालाच नको होता. "तोंडच दिसणार नाही तर सासुरवाडीला काय सांगू?" असं एकानं सरळ विचारलं.

शेवटी असं ठरलं, की ज्या रविवारी ज्याला ड्यूटी नसेल त्यानं शाल घ्यायची. रेल्वेवाले, बँकवाले, मास्तर, सगळ्यांनी आळीपाळीनं खून केले. पहिल्या खुनातला खुनी दाराला डोकं लागेल एवढा उंच, दुसऱ्यातला त्याच्या खांद्याला लागणारा, तिसऱ्यातला थोडा लंगडणारा, कारण त्याला नवे बूट चावत होते!

कॅमेरा राजूभाईचा. तो लग्नांची शूटिंग करायचा आणि आमच्या भागात केबलही चालवायचा. कॅसेट लावून बघताना तो घाबरून म्हणाला, "भाभीजी, अपना मर्डरर सिकुड़ रहा है!"

नलिनीनं कॅसेट मागे घेऊन तिन्ही खून परत बघितले. मग तिनं मला इन्स्पेक्टरसाठी एक वाक्य लिहायला सांगितलं: "प्रत्येक साक्षीदार वेगळी उंची सांगतो. म्हणूनच तो सापडत नाही."

माझ्या स्क्रिप्टमधलं सगळ्यात उत्तम वाक्य तेच, असं पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. मी कधी हरकत घेतली नाही.

०

राजूभाईचा हात लग्नात बसलेला. पहिलं प्रेत म्हणून आमचे एक रिटायर्ड स्टेशनमास्तर बागेत पडले होते. नलिनी "अॅक्शन" म्हणाली. राजूभाई सवयीनं बोलला, "अंकल, थोड़ा मुस्कुराइए!"

आणि प्रेत हसलं!

त्याहून कहर मिक्सिंगमध्ये. राजूभाईनं हौसेनं पहिले तीन सीन जोडून आणले. स्टेशनमास्तरांचा मेलेला चेहरा एका मोठ्या लाल बदामाच्या आकारात उमटत होता, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या.

"राजूभाई, ये क्या है?"

"क्या करूँ भाभीजी, मशीन में लाश का डिज़ाइन ही नहीं है. दिल है, गुलाब है, मोर है." मग तिचा चेहरा बघून तो समजुतीनं म्हणाला, "मोर लगा दूँ?"

०

आता जोगळेकरचा गळा.

जोगळेकर नलिनीच्या बँकेत कॅशियर. तिसऱ्या खुनात त्याला मरायचं होतं. आधीच्या खुनात रक्त म्हणून टोमॅटो सॉस लावला होता, तेव्हा प्रेताला मुंग्या लागल्या होत्या. हा खून भैरवगढ़ला होता, छापलेल्या चादरी वाळत घालतात त्या मैदानात. नलिनीनं तिथल्याच एका कापड छापणाऱ्या छिप्याकडून, गफूरचाचांकडून, वाटीभर लाल रंग घेतला आणि जोगळेकरच्या गळ्यावर ओतला.

शॉट अप्रतिम झाला. मग जोगळेकर धुवायला बसला. साबण झाला, लिंबू झालं, केरोसीन झालं. गफूरचाचा शेजारी उभे राहून कौतुकानं बघत होते.

"बिटिया, ये नहीं जाने का," ते म्हणाले. "इसी बात का तो हमारा नाम है!"

मार्चच्या उन्हात जोगळेकर मफलर गुंडाळून काउंटरवर बसू लागला. चौथ्या दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून मफलर काढायला लावला. त्यांनी तो गळा बघितला, काही विचारलं नाही, आणि न मागता तीन दिवसांची रजा मंजूर केली.

रजेवरून आल्या आल्या जोगळेकर नलिनीच्या टेबलाशी गेला. "ताई, मला परत कधी मारताय?"

०

इन्स्पेक्टर म्हणजे विनायक दिघे. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, पण पंचवीस वर्षं ऐतिहासिक नाटकांत तलवार गाजवलेली. त्यामुळे प्रत्येक जोरदार वाक्यानंतर तो थांबायचा. छाती पुढे, नजर लांब, टाळीची वाट बघत! टाळी कुठून येणार? समोर राजूभाई आणि दोन गाई.

शेवटचा शॉट क्षिप्रेच्या घाटावर होता. पर्वाचा दिवस, माणसांची ही गर्दी. शालवाला पायऱ्या चढून गर्दीत शिरतो, इन्स्पेक्टर मागे धावतो, आणि तो हातून निसटतो. त्या दिवशी शाल माझ्या अंगावर होती. विनायकनं मला चौथ्या पायरीवर पकडलं.

"विनायक, सोडायचंय त्याला!" नलिनी ओरडली.

"माहीत आहे ना वहिनी! पण हाताला लागला की सोडवत नाही हो!"

दुसऱ्यांदा सहाव्या पायरीवर पकडलं. तिसऱ्यांदा पकडून वर एक वाक्यही म्हणाला, जे मी लिहिलेलं नव्हतं.

अप्पा त्या दिवशी "स्नानाला" म्हणून आले होते. वरच्या पायरीवरून म्हणाले, "बघा, देवाच्याच मनात आहे. हाच शेवट ठेवा, हॉल तुमचा."

सगळे नलिनीकडे बघायला लागले. ऊन उतरत होतं, गर्दी पांगायला लागली होती, आणि उद्यापासून राजूभाईची लग्नं सुरू होत होती. आज जे मिळेल तोच शेवट.

तिनं माझ्या अंगावरची शाल काढून घेतली, डोक्यावरून लपेटली, साडी खोचली. "राजूभाई, कमर के ऊपर रखना." आणि धावली.

कॉलेजात ती खो-खो खेळायची. विनायक जीव खाऊन धावला, पण आठव्या पायरीवर बसकण मारली. ती यात्रेकरूंत शिरली आणि दिसेनाशी झाली. "कट" म्हणणारी तीच, त्यामुळे कट कुणी म्हणेना. राजूभाईचा कॅमेरा चालूच. विनायक खरोखरच डोळ्यांवर हात धरून तिला शोधत होता, आम्हीही शोधत होतो. पाच मिनिटांनी ती आमच्या मागून, भलत्याच बाजूनं आली. हातात द्रोणभर बोरं.

"झालं ना?" तिनं विचारलं.

त्या अख्ख्या कॅसेटमध्ये नलिनी तेवढी एकदाच आहे. पाठमोरी.

०

अप्पांनी शब्दाप्रमाणे हॉल नाकारला. राजूभाई म्हणाला, "हॉल का क्या करना है भाभीजी, अपना चैनल है ना!" त्यानं रविवारी दुपारी दोन वाजता सिनेमा केबलवर लावला.

साडेतीनला त्याचा फोन वाजायला लागला. "कैसेट अटक गई क्या?" "आगे का दिखाओ!" "खूनी कौन था, वो तो बता दो भाई!" तो प्रत्येकाला सांगत होता की सिनेमा एवढाच आहे, कुणी मानेना. सोमवारी लोकांच्या आग्रहानं परत लावला. मंगळवारी परत. भाजीच्या गाडीवर, सलूनमध्ये, पोह्यांच्या दुकानात, जिथे तिथे माणसं एकमेकांशी वाद घालत होती आणि मधूनच गप्प होऊन एकमेकांकडे बघत होती. नलिनी मला ऑफिसला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगायची. स्कूटरवर मागे बसून ऐकत जायची.

बुधवारी अप्पा घरी आले. त्यांच्याकडे तत्त्व म्हणून केबल नव्हतं.

"आमच्या घरातले सगळे तीन दिवस बघायला शेजारी जाताहेत," ते म्हणाले. "घरी येऊन मला काही सांगत नाहीत. रविवारी हॉल मोकळा आहे."

"आणि शेवट?"

अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला. "असू दे आहे तसा. मलाही काहीतरी विचार करायला हवाच ना!"

रविवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. विनायकच्या प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या पडल्या, आणि त्यानं सोडलेल्या जागेत त्या अगदी मोजून मापून बसल्या!

०

दोन दिवसांनी दारात कॉन्स्टेबल. "मैडम, टीआय साहब ने याद किया है."

टीआय म्हणजे ठाण्याचे प्रमुख, आणि आमच्या सिनेमातल्या इन्स्पेक्टरची वर्दी नाटकाच्या पेटीतली, टोपीवर चिन्ह खरं, परवानगी कुणाचीच नाही. मी, विनायक आणि नलिनी निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी अप्पा कोट घालून उभे. "सिनेमा मंडळाचा आहे. बाई आमच्या दिग्दर्शक आहेत. जे विचारायचं ते मला विचारतील."

पण टीआय साहेबांनी फक्त नलिनीला आत बोलावलं. दाराला नुसता पडदा होता. आम्ही तिघं बाकावर, कान पडद्याकडे.

आत साहेबांनी आधी चहा मागवला. मग मुन्शीला बाहेर घालवलं. मग आवाज खाली आला.

"मैडम, पूरे थाने ने देखी है. तीन दिन से काम नहीं हो रहा. मुंशी कहता है डॉक्टर, मेरी मिसेज़ कहती हैं हेडमास्टर. अब आप चुपचाप बता दीजिए. बात इस कमरे से बाहर नहीं जाएगी. किया किसने?"

आत कपबशी वाजली. मग खुर्ची सरकली. नलिनी काहीतरी अगदी हळू बोलली, एक-दोन शब्दच.

टेबलावर जोरात थाप पडली. "मुझे पहले दिन से उसी पर शक था!"

साहेब तिला फाटकापर्यंत सोडायला आले आणि निघताना त्यांनी तिला सलाम ठोकला.

टेम्पोत बसल्याबरोबर अप्पा आणि विनायकनं एकदमच विचारलं, "काय सांगितलंत?"

"पोलिसांना शब्द दिलाय, अप्पा. कसं सांगू?"

दोन चौक गेल्यावर अप्पा सीटवर सरकले. मग माझ्या कानाशी आले. "सर, स्क्रिप्ट तर तुमची. तुम्हाला माहीतच असणार."

मी समोर बसलेल्या नलिनीकडे बघितलं.

"हो, म्हणजे काय!" मी म्हटलं.