कफीलने सोडलं नाही

रियाधच्या अल मलाझ भागात, आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून, एका आयरिश कुटुंबाचं छोटं हॉटेल आहे. सहा टेबलं. नवरा तव्यावर, बायको टेबलांमध्ये, लेक चहावर आणि गल्ल्यावर. मालकीणबाई वीसेक वर्षं इथल्या एका इस्पितळात नर्स होत्या. नोकरी संपल्यावर मायदेशी परतायचं सोडून त्यांनी हे काढलं. सकाळी त्यांच्याकडे एक भरगच्च ताट मिळतं. दोन अंडी, भाजलेला टोमॅटो, मश्रूम, बीन्स, सॉसेज, बटाट्याच्या जाड पोळ्या आणि सोडा घातलेला, यीस्टशिवायचा पाव. डुकराचं मांस या देशात मिळत नाही, त्यामुळे आपलं ताट मुळात लंगडं आहे, असं मालक स्वतःच हसून सांगतो. पावाचं पीठ ताकात भिजवतात. ताक म्हणजे इथलं बाटलीतलं लबन. चहा मात्र कडक, दूध घातलेला, मोठ्या किटलीतून येणारा. घराबाहेर या शहरात मला मिळालेला हा एकच चहा आहे, ज्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पाव-चहाचं मी एवढं सांगत बसलोय, कारण मुद्द्यावर यायला मला नेहमीच वेळ लागतो. आमच्या घरात म्हणतात, याच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागते. तर आता सांगूनच टाकतो. चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी सकाळी मी आणि बायको याच हॉटेलात हेच ताट घेऊन बसलो होतो, तेव्हा गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. आप्पा गेले होते. आमचे वडील. मी गेलो नाही. आणि का गेलो नाही, याबद्दल मी सगळ्या घराशी खोटं बोललो.

दादा फोनवर रडला नाही. म्हणाला, “आप्पा गेले. कधी निघतोस?”

मी म्हणालो, “व्हिसाचं बघतो.”

“बघ. आम्ही थांबतो. उद्या सकाळपर्यंत थांबायला लागलं तरी थांबू.”

इथून बाहेर पडून परत यायचं तर सरकारी परवानगी, म्हणजे हा व्हिसा, लागतो. एके काळी त्यासाठी कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, हातापाया पडावं लागायचं. आमच्या गावातली जी माणसं पूर्वी आखातात वेल्डर, सुतार म्हणून राहून आली, त्यांनी या गोष्टी गावभर सांगून ठेवल्यात. कुणाची आई गेली, कफीलने सोडलं नाही. कुणाचं लग्न मोडलं, कफीलने सोडलं नाही. माझ्यासारख्या बँकेत संगणकाचं काम करणाऱ्याला ही परवानगी आता फोनवर काढता येते, पाच मिनिटांत, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आमच्या बँकेची नवी प्रणाली सुरू व्हायची होती. दोन वर्षं मी तिच्यावर राबलो होतो आणि विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं. माझा हाताखालचा माणूस हुशार होता, त्याने ते काम सहज निभावलं असतं. भीती हीच होती. साहेबांनी सुट्टी दिली नाही असं नाही. मी मागितलीच नाही. बायको म्हणाली, “अहो, दुपारचं विमान आहे, तिकीट काढू का?” मी म्हणालो, “थांब.” मग मी फोन उलटा ठेवला आणि ताट संपवलं.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. तेव्हा भूक लागली होती असंही नाही. समोर होतं ते खाल्लं, पावाने बशीही पुसून घेतली.

मालकीणबाई किटली घेऊन आल्या. माझ्या बायकोचा चेहरा पाहून थांबल्या. मी म्हणालो, वडील गेले. त्यांनी किटली खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “मग तू इथे काय करतोयस?”

“व्हिसाची अडचण आहे,” मी म्हणालो.

बाई या देशात माझ्या दुप्पट वर्षं राहिलेल्या. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं, “बरं” म्हणाल्या आणि किटली उचलून गेल्या. ज्यांना मी ही थाप मारली त्यांच्यात ती न पटलेलं हे एकच माणूस. मी पुढे दीड वर्ष त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. शेवटी बायकोनेच ओढून नेलं. “त्या बाईंनी काय घोडं मारलंय तुमचं?” म्हणाली.

दुपारी, गावाकडे पाच वाजले असतील, मी दादाला कळवलं. कफीलने सोडलं नाही. दादा म्हणाला, “जाऊ दे. तू तरी काय करणार.” अंधार पडायच्या आत त्यांनी आप्पांना नेलं.

विभागप्रमुख मी झालो. अजून आहे.

गेल्या हिवाळ्यात ताई आमच्याकडे भेटीच्या व्हिसावर आली. ताई दादाहून धाकटी, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली. तिला इथलं सगळं दाखवून झालं. माझ्या लेकीला तिने आठवडाभर मराठीत बोलायला लावलं, आणि लेक “येस आत्या” म्हणत राहिली. ताई जायच्या आदल्या शुक्रवारी, लेक मैत्रिणीकडे गेलेली असताना, आम्ही तिघं त्या हॉटेलात न्याहारीला गेलो.

ताईने बटाट्याची पोळी मोडून तोंडात टाकली. “थालीपीठच की हे, आजारी माणसाचं. तिखट कुठाय?” मग पर्समधून तिने शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. मालकीणबाईंना ते दिसलं. मला वाटलं रागावतील, तर त्यांनी बोटाने चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी येऊन नवऱ्याला आतून बोलावलं. नवऱ्यानेही चाखली. “ही मला विमानाआधी शिकव,” बाई ताईला म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं. ताई म्हणाली, “त्यांना सांग, आधी ठेचायला खलबत्ता घ्या, मग बोलू.”

शुक्रवारी इथे जुम्म्याच्या नमाजाआधी दुकानं बंद होतात. साडेअकराच्या सुमारास मालकीणबाईंच्या लेकीने दाराची जाळी ओढली, दिवे कमी केले. आत बसलेल्यांना हे लोक उठवत नाहीत. बसा म्हणतात, किटली भरून देतात, आणि नमाज संपल्यावर दार पुन्हा उघडतात. त्या तासाभरात न्याहारीचा ब्रंच होतो. त्या दिवशी आत आम्ही तिघंच होतो. बाहेर रस्ता रिकामा होत होता. माणसं पांढऱ्या कपड्यांत घाईघाईने मशिदीकडे निघाली होती.

ताई जाळीतून त्यांच्याकडे बघत म्हणाली, “तुझा तो कफील कुठे राहतो रे?”

“कोण?”

“तोच. आप्पांच्या वेळी तुला सोडला नाही तो. मला एकदा त्याचं तोंड बघायचंय. काही बोलणार नाही मी. नुसती समोर उभी राहीन.”

बायकोने हातातला काटा ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. चार वर्षं तिने माझं हे खोटं माझ्या माणसांसमोर सांभाळलं होतं. गावी गेलो की बायका तिच्याजवळ बसून कफीलला शिव्या घालायच्या आणि ती मान डोलवायची. एकदाच, गाडीत, ती मला म्हणाली होती, “तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. पण माझ्या मरणाआधी सांगा.”

“ताई,” मी म्हणालो, “तसा कुणी माणूसच नाही.”

“म्हणजे?”

“बँकेत कफील नसतो. असतो तो कागदावर. व्हिसा मला मिळत होता. मी काढला नाही.”

ताईला वाटलं मी कुणाला तरी वाचवायला बघतोय. “साहेबाने नाही सोडलं होय?”

“साहेबाला विचारलंच नाही. कामाची मोठी वेळ होती. बढती जाईल म्हणून मी गेलो नाही.”

तिने चमचा चहात घालून ढवळला. साखर ती घेत नाही.

“आम्ही दिवसभर बर्फ आणत होतो,” ती म्हणाली. “साखर कारखान्याजवळून. दादाने दोन खेपा केल्या. तीन वाजता सगळे म्हणाले, आता उचलू या. दादा एकटा अडून बसला. तो येतोय म्हणे. मी आप्पांच्या उशाशी बसून पाणी पुसत होते.”

आमच्याकडे घरात प्रेत असेपर्यंत चूल पेटत नाही. आमच्या घरातच नाही, आळीतल्या सगळ्या भावकीत. सात घरं. लहान पोरांना लांब कुणाकडे पाठवून खाऊ घालतात, मोठे तसेच बसतात.

“काकीला चक्कर आली चारला. साखरेची गोळी घेतलेली, आणि पोटात काही नाही. तिला उचलून आत निजवली.” मग ताईने मान वर केली. “तू त्या दिवशी जेवलास?”

“हो.”

“कुठे?”

“इथेच. फोन आला तेव्हा आम्ही इथे बसलो होतो. फोन ठेवल्यावर सगळं खाल्लं.”

ताईने बायकोकडे पाहिलं. “आणि तू?”

“मी नाही खाल्लं, ताई,” बायको म्हणाली. “पण गप्प बसले. ते खाण्याहून वाईट.”

“तुझं मी नंतर बघते,” ताई म्हणाली. शाळेतल्या पोरीला म्हणावं तसं. मग माझ्याकडे वळली. “किती वेळ लागतो त्याला? त्या व्हिसाला?”

“पाच मिनिटं.”

“कुठे जावं लागतं?”

“कुठे नाही. फोनवर.”

“काढ.”

“आत्ता?”

“आत्ता. मला बघायचंय.”

मी फोन काढला. सरकारी ॲप उघडलं, पासवर्ड टाकला, परत येण्याची मुदत निवडली, फी भरली. ताई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा श्वास माझ्या कानाजवळ ऐकू येत होता. पडद्यावर एक गोल फिरला आणि मग हिरवी खूण आली.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

ती आपल्या खुर्चीवर परत बसली. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. मला एक थोबाडीत द्यावी असं मला फार वाटत होतं, तीही तिने दिली नाही. मालकीणबाई लांबून बघत होत्या. जवळ आल्या नाहीत, पण त्यांना सगळं समजलं असावं. भाषा न कळताही असल्या गोष्टी नर्सला कळतात.

“मी दादाला सांगणार नाही,” ताई म्हणाली. “फोनवर तूही सांगायचं नाहीस. माझ्याच विमानाने चल आणि त्याच्यासमोर बसून सांग. आणि मी तिथे नसेन. माझ्या पदराआड लपायला तू आता पाच वर्षांचा नाहीस.”

दार उघडलं, ऊन आत आलं, लोक ब्रंचला येऊ लागले. रविवारी इथला कामाचा आठवडा सुरू होतो; सकाळीच मी रजा मागितली. साहेबांनी कारणही विचारलं नाही. त्याच क्षणी मला कळलं की चार वर्षांपूर्वीही त्यांनी ते विचारलं नसतं. मंगळवारी आम्ही निघालो.

दादा गोठ्यात होता. मी बाजेवर बसून सगळं सांगितलं, काही न वगळता. पावाने बशी पुसली तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हशीच्या पुढ्यात कडबा टाकायचा होता तो टाकला. मग म्हणाला, “मला सांगितलंस, बरं केलंस. पण उपाशी मी एकटा नव्हतो.”

“म्हणजे?”

“सात घरं आहेत. सकाळी सगळे घरीच असतात. जा.”

मी पहिल्यांदा काकीकडे गेलो, कारण तिचं माझ्याकडे सर्वांत जास्त निघत होतं. काकी पंच्याऐंशीच्या पुढची. ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला फार कमी ऐकू येतं हे मी विसरलो होतो. मी हळू आवाजात सुरुवात केली. ती म्हणाली, “काय? मोठ्यानं बोल.”

मी जरा मोठ्याने बोललो.

“कोण नाही आलं?”

“मी, काकी!” मी ओरडलो. “आप्पांच्या वेळी मी आलो नाही! मला येता येत होतं! मला कुणी अडवलं नव्हतं!”

समोरच्या घरातून चुलतभाऊ बाहेर आला. शेजारची सून हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. आळीतल्या पायऱ्या-पायऱ्यांवर माणसं उभी राहिली. उरलेल्या सहा घरी वेगळं जायची गरज राहिली नाही.

“कफील कुठाय मग?” काकीने विचारलं.

“कफील नव्हताच! मी खोटं बोललो! तुम्ही सगळे उपाशी होता, आणि मी तिकडे जेवलो!”

काकीने सूप बाजूला सरकवलं.

“वाईट केलंस,” तीही ओरडूनच म्हणाली. कुणी तिला गप्प केलं नाही, मलाही कुणी सांभाळून घेतलं नाही. चुलतभावाने मान फिरवली आणि तो आत गेला. त्याचं दार अजून माझ्यासाठी पूर्वीसारखं उघडलेलं नाही. ते त्याने आपल्या वेळेने उघडावं, नाहीतर उघडू नये.

“आता किती दिवस आहेस?” काकीने विचारलं.

“दहा!” मी ओरडलो.

“मग बस,” ती म्हणाली आणि ओट्यावर हाताने जागा झाडली.