कानसेन आणि पडद्यावरची रेघ

माझ्या ताईच्या नवऱ्याला आमच्या कारखान्यात सगळे कानसेन म्हणतात. तोंडावर मिस्त्री, पाठ फिरली की कानसेन. मी सख्खी मेहुणी, त्यामुळे मी तोंडावरसुद्धा म्हणते, आणि त्यांना ते मनातून आवडतं हे मला पक्कं ठाऊक आहे. घरात मात्र हा माणूस म्हणजे भिंत बरी. ताई स्वयंपाकघरातून चार हाका मारते तेव्हा कुठे हे पेपरातून मान वर काढतात. "पंपांचं बरं ऐकू येतं हो तुम्हाला, बायकोचंच येत नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ताईने तोंड उघडलं की पुढचं मीच म्हणून टाकते.

आमच्या कारखान्यात पाण्याचे लहान पंप बनतात. जोडणी झाली की प्रत्येक पंप आमच्या तपासणीच्या खोलीत येतो. खोली म्हणजे काय, एक लोखंडी ओटा, एक टाकी, भिंतीवर तीन मीटर, खिडकीपाशी माझं टेबल आणि ओट्यापाशी भावोजींची खुर्ची. पंप चालू झाला की दाब, प्रवाह आणि तापमान ते ओरडून सांगणार, मी रजिस्टरात लिहिणार. मग ते हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ खोलीत कुणी शिंकायचं नाही. मग एकच शब्द यायचा, 'ठीक' नाहीतर 'परत'. रजिस्टरातला शेवटचा रकाना 'कानाने तपासले', त्यात त्यांची सही. ती सही नसेल तर पंप फाटकाबाहेर जात नाही. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एका सोमवारी साहेब एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. आत साबणाच्या वडीएवढी पेटी, तिला दोन्ही बाजूंनी स्क्रू, एक केबल, लोहचुंबक लावलेला सेन्सर आणि एक लॅपटॉप.

"मिस्त्री, आता मापं कॉम्प्युटर घेणार. शिकवायला माणूस येतोय दोन दिवस. महिन्याभरात तुम्ही हे चालू करून दाखवा. नाही जमलं तर तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडे देऊ आणि तुम्हाला पॅकिंगला बसवू."

एवढं बोलून साहेब गेले. भावोजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मला असा राग आला म्हणून सांगू! एकोणतीस वर्षांच्या माणसाला असं सांगतात? त्या पेटीचं डोंबल, म्हटलं.

शिकवणारा माणूस आला, भराभर बोलला आणि गेला. मला कळलं ते एवढंच की या सॉफ्टवेअरमध्ये ओळी लिहायच्या नसतात, चित्रं जोडायची असतात. पडद्यावर दोन खिडक्या. एका खिडकीत मीटर, बटणं, आलेख, अगदी खऱ्या पॅनेलसारखं. दुसरी खिडकी म्हणजे त्या पॅनेलची पाठ. तिथे छोटे ठोकळे असतात, एक मोजणारा, एक गुणाकार करणारा, एक दाखवणारा, आणि माउसने त्यांच्यात तारा ओढायच्या. तारेतून आकडे वाहतात. तार चुकली की वरचा 'चालू करा'चा बाण तुटका दिसतो आणि काहीच चालत नाही.

भावोजी मूळचे इलेक्ट्रिशियन. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "सगळ्या तारा ओढल्या, पण याला अर्थिंग कुठे द्यायचं?" मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. पण ते गंभीर होते. प्रत्येक तार काटकोनात वळवायची, एकमेकींवर चढू द्यायची नाही आणि खऱ्या पॅनेलमध्ये घालतात तसा प्रत्येक तारेला नंबर द्यायचा, हे त्यांनी आपलं आपणच सुरू केलं. शिकवणारा म्हणाला होता की नंबर नसले तरी चालतं. "त्याचं चालत असेल," भावोजी म्हणाले.

तीन दिवस तुटका बाण काही जुळेना. चौथ्या दिवशी दुपारी जुळला. पेटीच्या स्क्रूमध्ये तापमानाची बारीक वायर बसवली होती, तिचं टोक माझ्या टेबलावर लोंबत होतं. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरळ चालली होती. भावोजींनी ते टोक चिमटीत धरलं. रेघ चढायला लागली! सोडलं, तशी हळूहळू उतरली. पुन्हा धरलं, पुन्हा चढली.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं.

"ही माझी ऊब आहे," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "बघ ना. माझ्या बोटांची ऊब ही." मग ते टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि माझी ऊब पडद्यावर चढताना बघून माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर मी मेलेले आकडे रजिस्टरात लिहिले. हा आकडा माझ्यासमोर जिवंत होत होता. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी आम्ही दोघं तिथेच बसलो होतो.

त्यानंतर भावोजींना त्या पेटीचं वेडच लागलं. दाब जोडला, प्रवाह जोडला. राहिला होता तो शेवटचा रकाना, आवाजाचा. चुंबकाचा सेन्सर बेअरिंगवर चिकटवायचा आणि त्याची थरथर पडद्यावर बघायची. दर सेकंदाला किती मापं घ्यायची, तो आकडा आपण द्यायचा असतो. भावोजींनी दिला एक हजार.

"पुरे होतील?" मी विचारलं.

"अगं, मी जन्मभर अर्ध्या मिनिटाला एक माप घेतलं. सेकंदाला हजार म्हणजे चैन झाली की!"

पहिलाच पंप लावला. पडद्यावर जाडजूड, संथ लाट उमटली. सेकंदाला शंभर हेलकावे. भावोजींनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, मान हलवली. "बरोबर. खालचा घुमणारा आवाज आहे. मलाही येतोय ऐकू. बुडाचा बोल्ट ढिला असणार."

मी गप्प राहिले खरी, पण मला काही घुमणं ऐकू येत नव्हतं. मला येत होती ती बारीक किणकिण, कानाशी डास यावा तशी. भावोजींनी चारही बोल्ट आवळले. लाट तशीच. पंप खोलून पुन्हा बसवला. लाट तशीच.

शेवटी माझ्याने राहवेना. "भावोजी, घुमणं राहू द्या. ती वरची किणकिण कसली?"

"कसली किणकिण?"

"ही काय! इतकी स्पष्ट येतेय." मी जोडणीवाल्या एका बाईला दारातून हाक मारून विचारलं. तिलाही आली. भावोजींनी स्क्रूड्रायव्हर एका कानाला लावला, मग दुसऱ्या. चेहऱ्यावर काहीच नाही. मग ते लॅपटॉपकडे वळले आणि का कुणास ठाऊक, हजाराचे बाराशे केले. शंभराची लाट एकदम तीनशेची झाली.

भावोजी ताडकन उठले. "पंप तोच. वेग तोच. मग लाट कशी बदलली?"

ते येरझारा घालायला लागले. खिडकीपाशी थांबून फाटकाकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "मी रोज फक्त जेवणाच्या सुट्टीत एकदाच इथून बघितलं, तर मला वाटेल वॉचमन दिवसभर डबाच खातो. मापं कमी पडताहेत. मध्ये जे घडतंय ते आपल्याला दिसतच नाही, आणि जे दिसतंय ते खोटं आहे."

त्यांनी वीस हजार टाकले. लाट नाहीशी झाली. तिच्या जागी दाट, केसांच्या जुड्यासारखा पट्टा आला. मग त्यांनी आवाज सुटा करून दाखवणारा ठोकळा जोडला, खालचे सूर डावीकडे आणि वरचे उजवीकडे. डावीकडे सगळं सपाट. आणि लांब उजवीकडे, तीन हजार नऊशेवर, एकच उंच सुळका.

"हीच का तुझी किणकिण?"

मी पंप बंद केला. किणकिण थांबली, सुळका बसला. चालू केला, दोन्ही परत आले. मला तर टाळ्याच पिटाव्याशा वाटल्या. जे मी फक्त ऐकत होते ते समोर उभं होतं हो, मोजून, नंबरासकट! पण भावोजी खुर्चीत बसले होते आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या मांडीवर पडला होता.

"घुमणं नव्हतंच," ते म्हणाले. "पडद्यावर दिसलं म्हणून मी ऐकू येतंय म्हणालो. नसलेला आवाज मला आला, आणि असलेला आला नाही."

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"दोन वर्षं मला शंका आहे. हातानं भागवतोय, मुठीला लागणाऱ्या थरथरीवरून. कुणाला सांगणार? या कानावर तर खुर्ची आहे."

मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पेटीतून सूर बाहेरही काढता येतो. त्यांनी तसा ठोकळा घेतला, तारा जोडल्या, तारांना नंबर दिले, स्वतः हेडफोन घातला आणि मला म्हणाले, "तू आकडा वाढवत जा. ऐकू येतंय तोवर माझं बोट वर असेल." आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

पाचशे, बोट वर. हजार, वर. दोन हजार, वर. अडीच हजाराला बोट थरथरलं. तीन हजाराला खाली आलं. मी साडेतीन केले, चार केले, पाच केले. टेबलावर पडलेल्या दुसऱ्या हेडफोनमधून मला तो सूर नीट ऐकू येत होता. भावोजींचं बोट खालीच. ते वाट बघत होते. ज्या कानासाठी अख्खा कारखाना श्वास रोखायचा, तो कान माझ्यासमोर तीन हजारावर संपला होता. मला रडू आलं, पण पाठ होती म्हणून बरं.

"सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी तो आकडा रजिस्टराच्या मागच्या पानावर लिहिला, खाली तारीख घातली आणि सही केली. मग रजिस्टर काखेत मारून तडक साहेबांच्या खोलीत. मी मागोमाग. म्हटलं, भावोजी, निदान उद्या सांगा, पॅकिंगला बसवतील हो! ऐकतील तर शपथ.

"साहेब, गेल्या खेपेचे चाळीस पंप परत मागवा," ते म्हणाले. "माझ्या कानाने पास झालेत, आणि माझा कान तीन हजाराच्या वर बहिरा आहे. हे मोजलेलं आहे."

साहेब भडकले. भडकणारच. चाळीस पंप परत मागवायचे म्हणजे गिऱ्हाइकापुढे नाक कापून घ्यायचं. पण मागवले. चाळीसातले सहा किणकिणणारे, म्हणजे बेअरिंग खराब असलेले, निघाले, सगळे त्या पडद्यानं पकडले. साहेबांनी ते सहाही सुळके स्वतः उभं राहून बघितले आणि भावोजींना विचारलं, "त्या तारांना नंबर का दिलेत?"

"चूक झाली तर पुढच्याला सापडावी म्हणून."

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी आली. शेवटच्या रकान्याचं नाव बदला, 'यंत्राने तपासले' करा, सही मिस्त्रींचीच राहू द्या. खुर्ची ओट्यापाशीच राहिली.

आता एवढ्यावर मी थांबले असते. पण त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले, तर भावोजींनी साहेबांना विचारून पेटी घरी आणलेली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पेटीला एक माइक जोडलेला. ताई स्वयंपाकघरातून नेहमीसारखी ओरडत होती. यांनी जाऊन तिला हाताला धरून आणलं.

"यात बोल."

"मी? काय बोलू?"

"रोज बोलतेस ते."

ताईनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि माइकवर ओरडली, "अहो, चहा झालाय, साखर तुमची तुम्ही घ्या, सतरांदा सांगायचं का?"

पडद्यावर डावीकडे टेकड्या उठल्या. आणि 'चहा'च्या 'च'ला, 'साखर'च्या 'स'ला लांब उजवीकडे बारीक काटे उडून बसले. भावोजींनी चित्र तिथेच थांबवलं आणि तीन हजारावर एक उभी रेघ ओढली.

"रेघेच्या अलीकडचं मला पोचतं," ते म्हणाले. "पलीकडचं नाही. तू हाक मारतेस हे कळतं गं, काय म्हणतेस ते कळत नाही. परत परत विचारायची लाज वाटते. म्हणून पेपरात तोंड घालून बसतो."

ताई पडद्याजवळ गेली. रेघेच्या उजवीकडच्या काट्यांवर तिनं बोट फिरवलं. एकेक काट्यावर.

"एवढं माझं बोलणं वाया जातं?" तिनं विचारलं. आणि मग, "मी किती बोलले हो तुम्हाला."

भावोजी काही बोलले नाहीत. बहुधा त्यांना ते ऐकूच आलं नसावं, ती पडद्याकडे तोंड करून बोलली होती. तिच्याही ते लक्षात आलं. ती वळली, त्यांच्या खुर्चीसमोर आली, त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे केला आणि जाड्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अहो. चहा. झालाय."

पहिल्या हाकेला उठलेले भावोजी मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.