नदीकाठचं ते जर्मन गाव

लेकीने शिकायला जर्मनीतलं एक लहानसं गाव निवडलं, तेव्हा आमच्या दुबईतल्या करामाच्या घरात त्या गावाचा अभ्यास तिने नाही, मी केला. बायको म्हणायची, जावई बघायला निघाल्यासारखी चौकशी चाललीय. मी लक्ष दिलं नाही. खोदून चौकशी करणं हा माझा स्वभावच आहे.

गावाचा इतिहास तसा चारचौघांसारखा होता. आधी नदीवर पूल, पुलाशी बाजार, मग कातडी कमावणारे आले. त्यांच्या धंद्याला वाहतं पाणी लागायचं, म्हणून त्यांनी घरं अगदी काठावर बांधली. पुढे चामडं गेलं, कापडगिरणी आली, युद्धात पूल उडाला, गिरणीही बंद पडली आणि तरुण माणसं मोठ्या शहरांत निघून गेली. आता रिकाम्या गिरणीत कॉलेज भरतं आणि कातडीवाल्यांच्या घरांत विद्यार्थी भाड्याने राहतात. लाकडी चौकटींची, खिडक्यांत फुलं ठेवलेली घरं. बायकोला ते फोटो इतके आवडले की तिने ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

त्याच फोटोंत मला चर्चची भिंत दिसली. तिच्यावर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे एक साल. काही रेघा गुडघ्याशी, काही माणसाच्या डोक्याच्याही वर. पुराचं पाणी कुठवर चढलं ते असं कोरून ठेवायची तिकडे जुनी पद्धत आहे. मी चिपळूणचा. वाशिष्ठीचं पाणी माजघरात आलेलं मी लहानपणी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर घरात चिखलाचा जो वास राहतो, तो मला आजही नकोसा होतो.

लेकीला हे कळणार कसं? ती वाळवंटात वाढली. दुबईत पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी. मध्यंतरी इथे अतोनात पाऊस पडून रस्त्यांचे तलाव झाले, आमच्या बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग भरलं, तेव्हा ही मैत्रिणींबरोबर बाल्कनीतून व्हिडिओ काढत होती. खाली वॉचमन मला म्हणाला, "साहब, गाडी खलास." वरून पोरींचं खिदळणं ऐकू येत होतं आणि मला त्या हसण्याचा राग येत होता.

तिला मिळालेली खोली नेमकी त्या काठावरच्या घरात, अर्धी जमिनीखाली होती. खिडकीतून रस्त्याने जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. मी म्हटलं, वरच्या मजल्यावरची बघ. ती म्हणाली, दुसरी मिळतच नाही. मी भिंतीवरच्या रेघांचा विषय काढला, तर म्हणाली, "बाबा, दॅट्स हिस्टरी." बायकोनेही तिचीच बाजू घेतली. मी विषय सोडला, पण ऑफिसात गेलो की मेल उघडण्याआधी त्या गावचं हवामान बघायचो. सगळे माझी थट्टा करायचे.

हिवाळा सरता सरता तिकडच्या डोंगरांवरचं बर्फ वितळायला लागलं आणि वरून पावसाने ठाण मांडलं. शनिवारी आम्ही जेवत असताना तिचा फोन आला. तिने दाराबाहेर येऊन हौसेने नदी दाखवली. तपकिरी, फुगलेली, पुलाच्या कमानींना टेकलेली. मग सहज म्हणाली की बाथरूमच्या जाळीतून सकाळपासून गुडगुड आवाज येतोय, प्लंबर बोलवावा लागणार.

माझा घास हातातच राहिला. पूर दारातून येण्याआधी मोरीतून येतो.

"पासपोर्ट घे आणि वर जा," मी म्हणालो. "आत्ता."

"बाबा, लेट मी फिनिश माय लंच."

मग मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर इतका कधी ओरडलो नव्हतो. ती फणकारत वरच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे गेली. संध्याकाळपर्यंत तिची खोली छतापर्यंत भरली होती.

आता ती गावाच्या टोकाला, टेकडीवर राहते. सगळे म्हणतात, थोडक्यात निभावलं. निभावलं, खरंच. पण हल्ली बोलता बोलता ती मध्येच थांबते, कानोसा घेते, उठून बाथरूममध्ये डोकावून येते. तिला भीती कशी वाटत नाही म्हणून मी चिडायचो. आता वाटते, तर मला बघवत नाही. परवा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं,

"बाबा, तुझी ही भीती कधी गेली?"

"जाते हळूहळू," मी म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.